पांढऱ्या शेपटीचा ओलसर ड्रॅगन

माळ्यावरची पाण्याची टाकी गळते का ते बघायला अर्नेस्ट पिलबीम वर चढला आणि खाली उतरला तो बगलेत एक पुस्तक घेऊन. टाकी गळतच राहिली. पाणीपुरवठा खात्यात एकतीस वर्षं काढलेल्या माणसाला गळक्या टाकीचं काय ते नवल! पुस्तकाचं मात्र होतं. हिरव्या कापडी बांधणीवर सोनेरी अक्षरं होती, ‘थिंबल राणी आणि ओलसर ड्रॅगन’, आणि खाली मोहरीच्या गरम पाण्यात पाय सोडून, डोक्याला पंचा गुंडाळून बसलेला, सर्दीनं बेजार झालेला एक ड्रॅगन.

“अगं बाई, हे आईचं!” डोरीन हात पुसत स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिनं पुस्तक उघडलं नाही, नुसतं पोटाशी धरलं आणि डोळे मिटून म्हणाली,

“ओल्या माझ्या नाकी
पेटेना गं काडी
राणीबाई थोडी
मोहरी दे!”

“हे काय?”

“ड्रॅगनचं गाऱ्हाणं. आई आम्हाला आंघोळ घालताना म्हणायची. साबण डोळ्यांत गेला की जोरात म्हणायची.”

इथं एखाद्या शहाण्या माणसानं पुस्तक बायकोच्या हाती ठेवून पुन्हा टाकीकडे मोर्चा वळवला असता. पण अर्नेस्टनं मुखपृष्ठ उघडून आतलं पान पाहिलं. तिथं १९०७ हे साल होतं, आणि ते बघून त्याच्या मनात जे उगवलं ते टाकीबद्दलचं नव्हतं.

ऑल्डरविक हे श्रॉपशायरमधलं गाव तसं लहान. गावच्या वाचनालयाला त्या जून महिन्यात शंभर वर्षं पुरी होत होती आणि त्यानिमित्त ‘आपल्या गावची दौलत’ नावाचं प्रदर्शन भरायचं होतं. दालनाच्या मधोमध काचेची एक मोठी पेटी असते. गावात एखादं प्रदर्शन भरलं की त्या पेटीत शेजारच्या थ्रेलफॉलचा पेंढा भरलेला मासा जाऊन बसे. माशाखाली कार्ड असे: ‘पकडणारे: श्री. एच. थ्रेलफॉल’. तीन प्रदर्शनं अर्नेस्टनं ते कार्ड वाचलं होतं. त्याचं स्वतःचं नाव आजवर कुठे छापून आलं असेल तर ते पाणी तोडण्याच्या नोटिशींच्या तळाशी. तिथे ते लोक वाचत, पण प्रेमानं नाही.

“पहिली आवृत्ती आहे ही, डोरीन,” तो म्हणाला. “पेटीत ठेवायची वस्तू आहे.”

“पेटीत मासा असतो.”

“तेच तर म्हणतोय मी.”

आता पहिली आवृत्ती ओळखणं ही काही आंबा हुंगून बघण्यासारखी गोष्ट नव्हे. त्याचं एक शास्त्र आहे, आणि ते शास्त्र सातशे पानांच्या एका जाड ग्रंथात वाचनालयाच्या संदर्भ विभागात कोंडून ठेवलेलं होतं. ग्रंथ घरी नेता येत नाही. संदर्भ विभाग फक्त मंगळवारी सकाळी उघडतो. आणि नेमकी तेव्हाच तिथल्या एकुलत्या टेबलावर शिशुवर्गाची मातीकामाची शिकवणी असते. अर्नेस्ट गुडघे हनुवटीला लावून इवल्याशा खुर्चीवर बसला. डावीकडे कुणीतरी ससा वळत होतं, उजवीकडे कुणीतरी माती खात होतं. त्या बैठकीत त्यानं तीन मंगळवार घालवले आणि हाती आलं ते असं: पहिल्या आवृत्तीत बारा रंगीत चित्रं असतात. आणि आठव्या चित्रात, जिथं ड्रॅगन शिंकून राणीचा वाडा पाडतो तिथं, त्याच्या शेपटीला हिरवा रंग द्यायचा राहून गेला होता. दुसऱ्या छपाईपासून ती चूक सुधारली.

अर्नेस्ट धावत घरी आला. वयाच्या पासष्टाव्या वर्षी तो धावला हीच गावात बातमी झाली. त्यानं आठवं चित्र उघडलं.

शेपटी पांढरी होती! अगदी दुधासारखी.

त्या संध्याकाळी त्यानं कुंपणापाशी थ्रेलफॉलला गाठलं आणि सहज म्हणून सांगितलं. अर्नेस्ट सहज म्हणून काही सांगू लागला की त्याचे कान लाल होतात.

“पांढरी?” थ्रेलफॉलनं पाइप तोंडातून काढला. “उन्हानं विटली असेल हो.”

“पुस्तक मिटलेलं होतं, थ्रेलफॉल. माळ्यावर. ऊन कुठून शिरणार?”

“मग कुण्या पोरानं चाटली असेल. आमच्या बहिणीनं बायबलमधला आख्खा देवमासा चाटून पुसून टाकला होता. बरं, कीड आहे का? पुस्तकाला कीड असतेच. पिशवीत बांधून चार दिवस बर्फाच्या कप्प्यात ठेवा. आणि कव्हर शिळ्या पावानं पुसा. जुने बांधणीवाले तसंच करायचे.”

सल्ला शत्रूचा असला तरी सल्लाच. अर्नेस्टनं ड्रॅगनला पिशवीत बांधून मटारांच्या शेजारी निजवलं. आधीच सर्दी झालेला प्राणी तो! चौथ्या दिवशी डोरीन जेवणासाठी मासे काढायला गेली आणि तिच्या हाताला थिंबल राणी लागली. पुढे पाव. पाव शिळा हवा होता, पण घरात होता तो फक्त ताटलीतला, आणि त्याला दुसऱ्या बाजूनं लोणी लावलेलं आहे हे अर्नेस्टच्या लक्षात आलं तेव्हा सोनेरी अक्षरांतला ‘राणी’ हा शब्द चांगलाच तुकतुकीत झाला होता.

“आईनं सत्तर वर्षं वापरलं,” डोरीन म्हणाली, “तुला तीन आठवडे पुरले.”

वाचनालयाच्या मिस पार्जेटर या कायद्याच्या बाई. चष्मा साखळीला, पेन्सिल दोरीला, आणि जीभ नियमाला बांधलेली. त्यांनी अर्नेस्टपुढे हिरवा अर्ज सरकवला.

“वस्तूचं वर्णन, मालकाचं नाव, आणि ‘पहिली आवृत्ती’ असा दावा असेल तर इथं खाली प्रतिष्ठित व्यक्तीची सही.”

“प्रतिष्ठित म्हणजे?”

“डॉक्टर, धर्मोपदेशक, मॅजिस्ट्रेट किंवा बँकेचे व्यवस्थापक. तुम्हाला किमान दोन वर्षं ओळखणारे. नातेवाईक नकोत.”

“थ्रेलफॉलनं माशासाठी सही आणली होती?”

“मासा हा मासा आहे हे दिसतंच, मिस्टर पिलबीम.”

डॉक्टरांनी अर्ज बाजूला ठेवून आधी त्याचा रक्तदाब मोजला आणि सही करायच्या ऐवजी गोळ्या लिहून दिल्या. बँकेचे व्यवस्थापक दर सहा महिन्यांनी बदलतात, त्यामुळे दोन वर्षं ओळखणारा व्यवस्थापक ऑल्डरविकमध्ये जन्मालाच यायचा होता. उरले चॅपलचे रेव्हरंड डॉसन. त्यांनी अर्नेस्टला सासूच्या दफनानंतर चॅपलमध्ये पाहिलेलं नव्हतं, आणि तेव्हाही तो मागच्या बाकावर पेंगत होता.

“ही पहिली आवृत्ती आहे याची मी ग्वाही द्यायची?” रेव्हरंड हताशपणे म्हणाले. “मित्रा, मी दर रविवारी स्वर्गाची ग्वाही देतो तीच मला जड जाते. प्रकाशकाला पत्र टाक.”

पत्र टाकलं. दरम्यान गावच्या साप्ताहिकाचा वार्ताहर आला. त्याला त्या आठवड्यात एक हरवलेली शेळी सोडून काहीच मिळालं नव्हतं. त्यानं ड्रॅगनसह अर्नेस्टचा फोटो काढला. प्रदर्शनासाठी अर्ज घेणं शुक्रवारी बंद होणार होतं. बुधवारी सकाळी प्रकाशकाचं उत्तर आलं. चारच ओळी: ‘आपल्या पत्राबद्दल आभार. आमच्या प्रत्येक पुस्तकात छपाईचा क्रमांक मुखपृष्ठामागील पानाच्या मागच्या बाजूस, तळाशी असतो. कृपया तिथे पाहावे.’

अर्नेस्टनं तिथे पाहिलं.

तिथे, बरोब्बर तिथेच, एक पट्टी चिकटवलेली होती. फुलापानांची किनार, मध्ये जांभळ्या शाईतलं वळणदार अक्षर: ‘ऑल्डरविक चॅपल, रविवारची शाळा. एडिथ बन्स, वय ९ वर्षे, हिला १९०९ सालात एकही रविवार न चुकवल्याबद्दल बक्षीस.’

इंग्लंडात लाखो मुलांना लाखो बक्षिसं मिळाली आणि लाखो पट्ट्या पुस्तकांच्या पुठ्ठ्यामागे, पहिल्याच कोऱ्या जागेवर चिकटवल्या गेल्या. हीच एक अशी आडरानात कुणी चिकटवावी? अर्नेस्टनं ती उजेडात धरली, भिंगाखाली धरली, मागून विजेरी लावली. पट्टी जाड होती, चॅपलच्या लोकांसारखी. आतलं काही बाहेर दिसू देत नव्हती.

“किटलीची वाफ दिली की दोन मिनिटांत सुटते,” कुंपणापलीकडून थ्रेलफॉल म्हणाला. त्याला कुणी विचारलं नव्हतं.

“ती पट्टी काढायची नाही,” स्वयंपाकघरातून डोरीन म्हणाली. तिलाही कुणी विचारलं नव्हतं, पण तिला विचारायची गरज नसते.

“अगं, पुन्हा चिकटवू—”

“अर्नेस्ट, आईच्या थडग्यावर काय लिहिलंय सांग बघू.”

अर्नेस्टनं भिंग खाली ठेवलं. दगडावर वर सासऱ्यांचं नाव होतं, त्यांचा जन्म, मृत्यू, व्यवसाय आणि गायनवृंदातला त्यांचा आवाज. त्याखाली एक ओळ: ‘तसेच वरील गृहस्थांची पत्नी’. कोरणाऱ्याचा अक्षरागणिक हिशेब होता आणि सासऱ्यांच्या आवाजातच दगड संपला होता.

“नवव्या वर्षी धुलाईखान्यात लागली,” डोरीन म्हणाली. “सहा दिवस दुसऱ्यांच्या चादरी पिळायच्या, सातव्या दिवशी चॅपल. गोवर निघाला तरी गेली. अकरा पोरांना वाटून आली, पण चुकली नाही. या जगात तिचं अख्खं नाव एवढ्या एका चिठोऱ्यावर आहे. ते तू वाफेवर धरायचं नाहीस.”

“नाही धरणार.”

“शपथ घे.”

“अगं, मी पाणीपुरवठ्याचा माणूस आहे—”

“म्हणून तर.”

त्यानं शपथ घेतली. आणि बुधवारची ती शपथ गुरुवारी दुपारी तीन वाजेपर्यंत टिकली.

गुरुवारी साप्ताहिक आलं होतं. तिसऱ्या पानावर अर्नेस्ट होता, शेळी चौथ्या पानावर गेली होती. ‘ऑल्डरविकच्या माळ्यावर दुर्मिळ खजिना’, आणि खाली ‘पहिली आवृत्ती, १९०७, मालक: श्री. ई. पिलबीम’. बेकरीत त्याला ओळीत पुढे उभं केलं. पोस्टातल्या बाईनं त्याला नावानं हाक मारली. एकतीस वर्षं ज्या गावचं पाणी त्यानं सोडलं आणि तोडलं, त्या गावाला तो त्या सकाळी पहिल्यांदा दिसला. उद्या शुक्रवार होता. हिरव्या अर्जावर सहीची जागा रिकामी होती.

डोरीन गुरुवारी दुपारी केस करून घ्यायला जाते. अर्नेस्टनं दार लावलं आणि किटली चढवली.

फक्त कोपरा, तो मनाशी म्हणाला. उजवा खालचा कोपरा. एवढीशी फट, एवढासा आकडा, आणि लगेच जागच्या जागी. वाफ आली. त्यानं पान तिच्यावर धरलं. लोणी लावायच्या बोथट सुरीनं हळूच टोक उचललं. कोपरा सुटला, अगदी झोपेतल्या मुलाची मूठ सुटावी तसा. खाली नुसता कोरा कागद दिसला. अजून थोडं, तो म्हणाला, आणि पट्टीकडे पाहिलं.

‘बन्स’मधला ‘स’ हलत होता. ऐंशी वर्षं निमूट बसलेली जांभळी शाई ओली झाली होती आणि अक्षराच्या टोकातून एक थेंब बाहेर डोकावत होता, जाऊ की नको अशा बेतात.

अर्नेस्टनं पान ओढून घेतलं. फुंकर मारली. टिपकागद नव्हता म्हणून टाय लावला. ‘स’ थांबला. आणि मागे दारात डोरीन उभी होती. तिचा चष्मा घरी राहिला होता. केसांचं अजून काही झालं नव्हतं.

 ती भांडली असती तर फार बरं झालं असतं. तिनं किटली उचलली, त्याच पाण्याचा चहा केला, आणि एकच कप भरला.

या देशात नवरा-बायको भांडतात, ताटल्या फेकतात, वकील करतात. त्यातून सगळं सावरतं. पण किटलीत दोघांपुरतं पाणी असताना एकच कप भरला जातो तेव्हा घराच्या भिंतीसुद्धा नजर वळवतात. तो कप घेऊन डोरीन वर गेली. अर्नेस्टनं गव्हाच्या पिठाची खळ केली आणि कोपरा चिकटवला. तो उठला. पुन्हा चिकटवला, वर डाळीचा डबा ठेवला. डबा काढल्यावर तो सावकाश, ऐटीत, पुन्हा उठून बसला.

शुक्रवारी सकाळी अर्नेस्टनं टोपी घातली, पुस्तक बगलेत घेतलं आणि अर्ज मागे घ्यायला निघाला. मनात भाषण तयार होतं: काही गोष्टी आवृत्तीहून मोठ्या असतात, मिस पार्जेटर. त्यात त्यागाचा एक मंद सुवास होता आणि तो त्याला मनापासून आवडला होता. निदान तेवढं तरी आपलं, त्याला वाटलं.

वाचनालयाच्या दारापासून बेकरीपर्यंत रांग लागली होती. रांगेतल्या प्रत्येकाच्या हातात, पिशवीत, किंवा टॉवेलमध्ये गुंडाळलेला एकेक हिरवा ड्रॅगन होता.

“काल पेपरात वाचलं,” पुढच्या म्हाताऱ्या मिसेस ओकशॉट आनंदानं म्हणाल्या. “म्हटलं, हे तर आमच्याकडे पण आहे! आईचं. तुमच्याही शेपटीला रंग नाही ना?”

अर्नेस्टनं रांगेवरून नजर फिरवली. शेवटून दुसऱ्या जागी, बाजारची पिशवी पोटाशी घट्ट धरून, थ्रेलफॉल उभा होता. त्यानं आकाशाकडे पाहिलं.

आत टेबलावर सतरा पुस्तकं जमली. सतरा शेपट्या उघडल्या गेल्या. सतराही पांढऱ्या. मिस पार्जेटर यांचा चष्मा साखळीवर लोंबू लागला. आणि सोळा पुस्तकांत पट्टी होती ती त्याच आडजागी.

“माझी पट्टी ओलीनं कधीच गळून पडली,” मिसेस ओकशॉट म्हणाल्या. “मी प्रार्थनेच्या पुस्तकात जपून ठेवली आहे. ती होती तिथं काहीतरी बारीक छापलंय बघा, मला वाचता येत नाही.”

मिस पार्जेटर यांनी वाचलं. मग पुन्हा, सर्वांसाठी: “‘रविवारच्या शाळांसाठी स्वस्त आवृत्ती. अकरावी छपाई.’”

 मग मिस पार्जेटर यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उजाडलं. स्वस्त आवृत्तीत हिरवी शाई वाचवली होती. चॅपलच्या शाळाप्रमुखांनी गठ्ठ्यानं प्रती घेतल्या होत्या, आणि ‘स्वस्त’ हा शब्द पोरांच्या आयांना दिसू नये म्हणून त्या देवभोळ्या माणसानं प्रत्येक पट्टी स्वतःच्या हातानं नेमकी त्यावर चिकटवली होती.

अर्नेस्टचा त्याग जागच्या जागी मेला. जे सोडायला तो आला होता ते मुळात नव्हतंच.

“छट्! एखादी तरी असेल हो पहिली!” मागून एक जण म्हणाला आणि त्यानं आपल्या आजोबांच्या पट्टीखाली नख घातलं. दुसऱ्यानं खिशातून चाकू काढला. “किटली आहे का इथं?” तिसरीनं विचारलं.

“हात लावू नका!”

हा आवाज अर्नेस्टचा होता. एकतीस वर्षांत तो कधी एवढ्या मोठ्यानं बोलला नव्हता. मुख्य जलवाहिनी फुटली तेव्हाही नाही.

“खाली अकरावी छपाई आहे,” तो म्हणाला. “सगळ्यांच्या खाली तेच आहे. वर काय आहे ते बघा ना आधी! मी कोपरा उचलून बसलोय. घरी मला चहा मिळत नाही.”

हे शेवटचं वाक्य रांगेतल्या प्रत्येक विवाहित माणसाला कळलं. चाकू खिशात गेला. नख बाहेर आलं. मग, करायला दुसरं काहीच नसल्यामुळे, ते आपापली पट्टी वाचू लागले; आधी मनात, मग मोठ्यानं.

‘मेबल रडक, कंठस्थ कवनाबद्दल.’ ‘टॉमस यार्डली, धाकट्या भावास पाठीवर आणल्याबद्दल.’ ‘अ‍ॅग्नेस फिंच, खरे बोलल्याबद्दल (एकदा).’ लोक हसले, मग शेजाऱ्याच्या पट्टीवर वाकले. “ही तर माझी आत्या!” कुणी म्हणालं. थ्रेलफॉल आपली पिशवी घेऊन हळूच दाराकडे सरकत होता, पण मिसेस ओकशॉट यांचं वय झालं असलं तरी हात चपळ होते. त्यांनी पुस्तक ओढून घेतलं आणि खणखणीत वाचलं:

“‘होरेस थ्रेलफॉल, वर्तनात किंचित सुधारणा झाल्याबद्दल.’”

“वडील,” थ्रेलफॉल म्हणाला. “नाव तेवढं माझं.”

“किंचित,” अर्नेस्ट म्हणाला. त्याला राहवलं नाही.

शनिवारी प्रदर्शन उघडलं. मासा खिडकीत गेला. काचेच्या पेटीत सतरा पुस्तकं पट्टीच्या पानावर उघडून ठेवली होती, आणि मिस पार्जेटर यांनी नियम धुंडाळून शोधून काढलं होतं की स्वस्त आवृत्तीला प्रतिष्ठित व्यक्तीची सही लागत नाही. डोरीन आली ती चांगली टोपी घालून. शुक्रवारी तिनं एकच कप भरला होता, शनिवारी सकाळीही एकच. अर्नेस्ट तिच्या दोन पावलं मागे चालला.

तिनं सोळा पट्ट्या वाचल्या. सतराव्यापाशी ती बराच वेळ उभी राहिली. तिच्या मागे माणसं खोळंबली, पण कुणी पुढे हो म्हटलं नाही. दोन अनोळखी बायका काचेवर वाकून एकमेकींना वाचून दाखवत होत्या, “एडिथ बन्स. एकही रविवार न चुकवल्याबद्दल. अगं, एकही!” डोरीनचे ओठ त्यांच्याबरोबर हलले.

पट्टीचा उजवा कोपरा ताठ उभा होता.

“मी त्यावर टाचणी लावते हवं तर,” मिस पार्जेटर हळूच म्हणाल्या. “किंवा दुसरं पुस्तक थोडं वर सरकवते. झाकून जाईल.”

अर्नेस्टनं आशेनं मान हलवली.

“नको,” डोरीन म्हणाली. “राहू दे तसाच. लोक विचारतील, त्यांना कळायला हवं. कार्ड आहे का कोरं?”

मिस पार्जेटर यांनी कार्ड दिलं आणि दोरीला बांधलेली पेन्सिल. डोरीननं ते काचेवर ठेवून, एकेक अक्षर जपून, पट्टीवरच्यासारखंच वळणदार लिहिलं. पेटीचं कुलूप उघडून ते आत ठेवलं गेलं, आणि मग अर्नेस्टला वाचता आलं:

‘कोपरा उचकटणारे: श्री. अर्नेस्ट पिलबीम, जावई.’

त्यानं ते दोनदा वाचलं. नाव अख्खं होतं, पेटीच्या मधोमध होतं, आणि माशाच्या कार्डाहून मोठं होतं.

“चल,” डोरीन त्याच्या बाहीला धरून म्हणाली. “तिकडे चहा देतायत. दोन घे.”